गुरुजींच्या पटावरचे साप

नागोराव गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्याच घराचा उंबरठा काठीने बडवत होते. मी हिंगोलीकडच्या पुसेगावला शिक्षिका म्हणून नव्याने रुजू झाले होते, राहायला खोली शोधत होते आणि कुणीतरी या घराचं नाव सुचवलं होतं. हातात बॅग घेऊन मी अंगणात उभी, आणि समोर पांढरं धोतर, पांढरी टोपी, आडदांड देह, आणि तो देह लाकडाच्या उंबरठ्याशी भांडतोय. म्हातारा बिघडलेला दिसतो, आल्या पावली परत फिरावं, असं माझ्या मनात आलंच. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आतून आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "थांबा जराशा. खाली काई बसलं असंल तर निघून जाऊ द्या, मंग या आत." खाली काही बसलेलं नव्हतं. कधीच नसायचं. पण मी त्या घरात राहिले तेवढी वर्षं गुरुजी उंबरठा बडवल्याशिवाय ना आत आले, ना बाहेर गेले.

गुरुजी मास्तरकीतून निवृत्त झाले होते, तरी गाव अजून त्यांच्यासमोर चळाचळा कापायचं. मिशा पिकलेले बाप्ये त्यांना लांबून पाहून विडी पायाखाली चिरडायचे. त्यांनी हाक मारली की चार घरांतली पोरं एकदम "ओ" द्यायची, नेमकं कुणाला बोलावलंय हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मीसुद्धा भ्यायचे. भाडं देणारी बाई मी, पण त्यांच्या ओसरीवरून जाताना पदर नीट करायचे आणि चपला हातात घ्यायचे.

आणि हेच गुरुजी जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना घाबरायचे. वीज चमकली की घराच्या बरोब्बर मध्यभागी पाट मांडून बसायचे, आणि आम्हालाही बसवायचे. एस.टी.त ड्रायव्हरच्या मागची जागा रिकामी असली तरी घ्यायचे नाहीत, कारण तिथून समोरचं दिसतं. आरोग्य केंद्राची नर्स रक्तदाब मोजायला आली की गोठ्यात जाऊन म्हशीच्या आड उभे राहायचे. काकू नर्सबाईंना खुशाल सांगायच्या, "ते हिंगोलीला गेले." म्हशीच्या पाठीवरून टोपी दिसत असायची. नर्सबाईही ती पाहायच्या आणि चहा पिऊन निघून जायच्या.

यात सगळ्यात मोठी भीती सापाची. आमच्याकडे चहूबाजूंनी हळदीची शेतं, पावसाळ्यात रान माजलं की साप निघण्यात काही नवल नाही. दिवेलागणीनंतर गावात कुणीच त्याचं नाव घेत नाही, 'जनावर' म्हणतात. कुणाला चावला तर 'पान लागलं' म्हणतात. गुरुजी मात्र हे शब्द उच्चारतानासुद्धा दोन्ही पाय उचलून खाटेवर घ्यायचे.

अशा माणसाकडे सापांनी भरलेलं एक भलंमोठं कापड होतं. तो त्यांचा मोक्षपट. त्यांच्या आजोळी, औंढ्याला, आजोबांकडे एक फार जुना पट होता. तो विरत चालला तेव्हा तरुणपणी गुरुजींनी मांजरपाटावर तो स्वतः उतरवून काढला. खाली जन्माचं घर, वर अगदी टोकाला मोक्ष, आणि मध्ये घरंच घरं. दया, दान, सत्य, भक्ती या घरांतून शिड्या निघायच्या. असत्य, चोरी, मत्सर, क्रोध, गर्व या घरांत सापांची तोंडं होती. साप भरपूर, शिड्या मोजक्या. "शिड्या इतक्या कमी का हो?" मी विचारलं होतं. "संसारात कुठं जास्ती पाहिल्या तुमी?" म्हणाले. आजोबांच्या पटावर सापांना नुसती तोंडं होती म्हणे. गुरुजींनी प्रत्येकाला डोळा काढला होता, उघडा, काळाभोर. मी कारण विचारलं. "त्याला दिसलं पायजे ना, कोणी काय केलं ते!" म्हणाले. मी त्या डोळ्यांकडे एकदाच नीट पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं.

रविवारी सकाळी न्याहारी झाली की ओसरीवर पट अंथरला जायचा. गल्लीतली पोरं हातपाय धुऊन यायची. कुणाची सोंगटी चिंचोका, कुणाची बांगडीचा तुकडा, कुणाची गोटी. कवड्या उजव्या हातानेच टाकायच्या. इथपर्यंत सगळं आपल्या लहानपणीच्या सापशिडीसारखंच. पण गुरुजींचा एक नियम होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. साप चावला की त्या पोराने उभं राहायचं, दोन्ही कान धरायचे आणि त्या सापाच्या नावाचं आपण काय केलं ते सर्वांदेखत सांगायचं. मत्सर चावला तर कुणाचा मत्सर केला, चोरी चावली तर काय चोरलं. "काही नाही केलं" हे उत्तर चालायचं नाही. गुरुजी मोठ्याने हसायचे आणि म्हणायचे, "साप काय येडा हाय का? साप उगंच चावत न्हाई. जा, तिकडं बस आन् आठव." पोरगं कोपऱ्यात जाऊन बसायचं आणि खरंच आठवून परत यायचं. लहान माणसाच्या आठवड्यात काहीतरी सापडतंच.

या खेळाने गाव हलवून सोडलं होतं. सरपंचांच्या नातवाला एकदा क्रोध चावला आणि त्याने भरसभेत सांगून टाकलं की शेजाऱ्यावरच्या रागापायी त्याच्या भोपळ्याच्या वेलात आजोबांनीच मला बकऱ्या सोडायला लावल्या. संध्याकाळी सरपंच तावातावाने ओसरीवर आले. गुरुजींनी त्यांना समोर बसवलं. पट अंथरला, कवड्या पुढे सरकवल्या. सरपंचांनी त्या उघड्या डोळ्यांच्या सापांकडे पाहिलं, पाणी मागितलं, आणि "तब्येत बराबर न्हाई माझी" म्हणून उठून गेले. आम्ही दोन दिवस हसत होतो. पण हसता हसता मला जाणवायचं की गावात कुणीच, अगदी मोठं माणूससुद्धा, त्या पटावर बसायला तयार नाही. आयाबाया मात्र पोरांना ओढत आणायच्या, "गुरुजी, ह्याला जरा पटावर बसवा, लई खोटं बोलून राहिला." पोरगं पायरीला पाय रोवून रडत असायचं.

मी एकदा न राहवून म्हटलं, "गुरुजी, लेकरं घाबरतात हो. झोपेत दचकतात म्हणून त्यांच्या आया मला सांगतात."

"घाबरलीच पायजेत. भ्याव न्हाई त्या लेकराला वळण कोणी लावावं?"

"पण बाजारात ती छापील सापशिडी मिळते, ल्युडोच्या पाठीमागची. तिच्यात पापबिप काही नसतं. पोरं खेळतात, हसतात, झालं."

गुरुजी एकदम गंभीर झाले. त्यांनी पाय वर घेतले, दिवसाढवळ्या. "त्याच पटाचं भ्याव वाटतं मला, बाई. घरावर नाव न्हाई, सापाला कारण न्हाई. आला मनाला, चावला. अन् खरंच तसं असलं तर? साप उगंच चावत असला, तर रात्री माणसानं आडवं तरी कसं व्हायचं?"

त्यांच्या आवाजात मास्तरकी नव्हती. या माणसाला मी इतके दिवस चुकीचं ओळखलं होतं. तो पोरांना भिवविण्यासाठी पट मांडत नव्हता, स्वतःला धीर देण्यासाठी मांडत होता. त्या रात्री मीही अंथरूण झटकून घेतलं.

पटावर बसणाऱ्या पोरांत पायल नावाची एक मुलगी होती. मागच्या गल्लीतल्या सुमनची थोरली, माझ्याच वर्गात, तिसरीत. सडपातळ, दोन वेण्या, प्रत्येक गोष्ट नीट ऐकून घेणारी. तिला साप फारसे चावायचेच नाहीत. कवड्यांचा योग, दुसरं काय. पण गुरुजींना तो योग वाटायचा नाही. "पायलकडं पाहा," ते बाकीच्यांना सांगायचे. "हिला काहून चावत न्हाई? वागणं साफ हाय पोरीचं." हे ऐकताना पायल मान खाली घालायची, पण तिचे कान लाल व्हायचे. गुरुजींच्या तोंडून कौतुक म्हणजे गावात काय होतं, हे बाहेरच्याला समजणार नाही.

श्रावणातला रविवार होता. पावसाने उघडीप दिली होती. मी ओसरीच्या दारात मेथी निवडत बसले होते आणि पुढे खेळ चालला होता. पायल त्या दिवशी उशिरा आली आणि एका बाजूला टेकून बसली. तिचे डोळे सारखे मिटत होते. "पेंगून काय राहिली गं? रात्री टीव्ही पाहत बसली व्हती का?" गुरुजींनी दटावलं. तिने मान हलवली. तिची पाळी आली तेव्हा तिने कवड्या डाव्या हाताने उचलल्या.

"उजव्या हातानं."

पायलने उजवा हात फ्रॉकच्या घेरात गुंडाळून घट्ट धरला होता. तिने ऐकलं न ऐकलं करून डाव्यानेच कवड्या टाकल्या. हा असला प्रकार त्या ओसरीवर कधी घडला नव्हता, पोरं एकमेकांकडे पाहू लागली. दान मोजलं तर तिचा चिंचोका थेट असत्याच्या तोंडात. "पायलला चावला! पायलला चावला!" एकच गलका झाला.

"उभी राहा," गुरुजी म्हणाले. "कान धर. बोल."

ती उभी राहिली आणि झोकांडली. डाव्या हाताने तिने एक कान धरला. पापण्या इतक्या खाली आल्या होत्या की आमच्याकडे पाहायला तिला मान मागे टाकावी लागत होती. बोलली तेव्हा तोंडात घास असल्यासारखे शब्द जड येत होते.

"मी काई न्हाई केलं, गुरुजी."

"मंग साप कसा चावला?"

"म्हाईत न्हाई." तिला रडूही नीट फुटत नव्हतं. "सकाळी पन मी काई न्हाई केलं व्हतं. तरी चावला."

माझ्या हातातली मेथी खाली पडली. गुरुजींना अजून उमगलं नव्हतं. "सकाळी? सकाळी कोणता पट?"

"आईनं गोवऱ्या आणायला धाडलं. रचलेल्या उडव्यात हात घातला, तवा."

गुरुजींनी तो हात फ्रॉकमधून सोडवला. बोटावर शाईचे टिपके पडावेत तसे दोन बारीक ठिपके होते. सूज जवळजवळ नव्हतीच. या माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं मी शंभरदा पाहिलं होतं, विजेच्या कडकडाटाला, नर्सबाईंच्या पिशवीला. या वेळी तसं काही दिसलं नाही. त्यांचा चेहरा नुसता रिकामा झाला. त्यांनी पटावरून, सोंगट्यांवरून तसाच पाय टाकला आणि पोरीला उचललं. "गाडी काढा कोणीतरी!" त्यांची हाक पार वेशीपर्यंत गेली असेल.

माणसं जमली. सुमन निंदायला शेतात गेली होती, तिला आणायला एक जण मोटारसायकलवर धावला. शेजारच्या गावात पान उतरवणारा एक म्हातारा होता, "आधी तिकडं नेऊ, जवळ हाय" असं तीन-चार जण म्हणू लागले. गुरुजींचाही त्या म्हाताऱ्यावर विश्वास होता, त्यांनीच पूर्वी माणसं तिकडे धाडली होती. पोरगी खांद्यावर, आणि ते जागच्या जागी गोल फिरत होते. मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, काय करू?" त्यांनी मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"हिंगोली," मी म्हटलं. "सरकारी दवाखाना. आत्ताच्या आत्ता."

शेजाऱ्याची जीप निघाली. गुरुजी पुढच्या सीटवर, मांडीवर पायल. मी मागून तिचं डोकं धरलं होतं. रस्ता खड्ड्यांनी भरलेला, पुढे एक ट्रक रस्ता अडवून चाललेला, हॉर्नला दाद देत नव्हता. पायलचे डोळे मिटले की गुरुजी ओरडायचे, "डोळे उघड! झोपली तर बघ! छडी काढीन!" ती दचकून पापण्या उचलायचा प्रयत्न करायची, त्या उचलल्या जायच्या नाहीत.

"गुरुजी, ओरडू नका तिच्यावर."

"मंग काय करू?" त्यांनी मागे वळून पाहिलं. "मला दुसरं काई येत न्हाई, बाई."

पायल काहीतरी पुटपुटत होती. मी कान लावला. "आईला सांगू नका. आई म्हणंल, काय केलं व्हतंस." मग तिचा आवाज बंद झाला. छाती वरखाली होत होती, पण प्रत्येक वेळी जरा उशिराने. पुढचा श्वास येईल की नाही, याची वाट पाहण्यापलीकडे आम्हा दोघांना काहीच करता येत नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि पुन्हा कधी वाटू नये.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने पापण्या पाहिल्या, बोट पाहिलं, "मण्यार असावी" म्हणाला आणि पुढचं सगळं धावपळीत झालं. इंजेक्शनं, सलाइन, घशातून नळी, श्वासाचं मशीन. मध्येच बाहेर येऊन त्याने विचारलं, "केव्हा चावला?"

"सकाळी."

"मग एवढा वेळ काय करत होता तुम्ही लोक? मुलीनं सांगितलं नाही?"

गुरुजी मागे सरकून भिंतीला टेकले. डॉक्टर वैतागून आत गेला.

सुमन आली तेव्हा तिच्या पायांना चिखल तसाच होता. काचेतून लेकीला पाहून आली आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणू लागली, "मी तर चुलीपाशीच व्हते. गोवऱ्या माझ्या हातात देल्या तिनं. काहून सांगितलं न्हाई मला? काहून न्हाई बोलली?"

गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. "माझ्यापायी, सुमन," ते म्हणाले. "साप उगंच चावत न्हाई, असं मी शिकवलं तिला. काई तरी केलं म्हून चावला, असं सगळे म्हणतील, ह्या भ्यावानं बोलली न्हाई ती."

सुमनने त्यांच्याकडे पाहिलं. ती ओरडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती बाकड्यावरून उठली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, एवढंच.

पुढे काही दिवस पायल मशीनवर होती. गुरुजी रोज पहिल्या एस.टी.ने हिंगोलीला जायचे आणि वॉर्डाच्या दाराबाहेर उभे राहायचे. आत जायचे नाहीत. सुमनसाठी डबा न्यायचे, तो बाकड्यावर ठेवायचे. ती तो संध्याकाळी उघडायची की नाही, त्यांनी कधी पाहिलं नाही. एक दिवस पायलने बोटं हलवली, मग डोळे उघडले, मग नळी निघाली. ही बातमी घेऊन गुरुजी घरी आले तेव्हा काकूंना सांगता सांगता उंबरठ्यावरच बसले आणि लहान पोरासारखे रडले. उंबरठा बडवायचा विसरले, हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पट काकूंनीच घडी करून ट्रंकेत टाकला. आया विचारायला यायच्या, "गुरुजी, पट कवा मांडता?" ते नाही म्हणायचे, कारण सांगायचे नाहीत. मात्र रोज एका घरी जायचे, पोरांना समोर बसवायचे आणि सांगायचे, काहीही चावलं तर पहिल्यांदा आईला सांगा, कोणी रागवणार नाही, कोणी काही विचारणार नाही. पोरं मुकाट ऐकायची. त्यांच्या तोंडावरून कळायचं नाही, पटतंय की नुसती भीतीने मान हलते आहे.

दिवाळीनंतर माझी बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी मी पायलला भेटायला गेले, गुरुजीही सोबत आले. पायल घरी येऊन बरेच दिवस झाले होते. अंगणात खाटेवर बसली होती, केसांना चपचपीत तेल, चेहरा अजून उतरलेला. सुमन दारातूनच "या" म्हणाली, आत गेली. पायलने गुरुजींना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. ती खाटेवरून उतरली, त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली आणि तिने दोन्ही कान धरले.

"हात खाली घे, माय," गुरुजी म्हणाले.

तिने घेतले नाहीत. "गुरुजी, घावलं मला!"

"काय घावलं?"

"त्या रोजी काहून चावला ते. दवाखान्यात मी लई आठवलं. आदल्या रोजी मी वर्गातल्या रोहिणीचं खोडरबर दडवलं व्हतं, आन् इचारलं तर न्हाई म्हणले. असत्य! म्हून चावला." किती सुटल्यासारखी दिसत होती ती. एवढ्या मोठ्या आजारातून उठली तेव्हासुद्धा ती इतकी मोकळी हसली नव्हती.

मी गुरुजींकडे पाहिलं. जीपमध्येसुद्धा हा माणूस इतका भ्यालेला नव्हता. ते तिथेच मातीत खाली बसले आणि त्यांनी तिचे हात हळूहळू कानांवरून सोडवले.

"त्यापायी न्हाई चावला, पायल. त्याला खोडरबराचं काई म्हाईत नव्हतं. तू हात घातला, त्यो भ्याला, चावला. तुझी काई चूक नव्हती. उगंच चावला, माय. उगंच."

पायलने सगळं नीट ऐकून घेतलं, ती नेहमीच घ्यायची. मग जरा विचार केला.

"मंग दुसरं कायतरी असंल," ती म्हणाली. "थांबा गुरुजी, आठवते मी."

आणि तिने डोळे मिटले. माझ्या गाडीची वेळ झाली होती. फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं. गुरुजी तिचे दोन्ही हात धरून मातीत तसेच बसले होते, आणि ती अजून आठवत होती.